गढूळ चित्राचा माग

२४ मार्च २०२० रोजी रात्री आठ वाजता देशव्यापी टाळेबंदीची घोषणा झाली, ती सगळ्यांच्या लक्षात आहे. त्याच दिवशी झालेला आणखी एक निर्णय मात्र फारसा कोणाला आठवत नाही. नेटफ्लिक्स, ॲमेझॉन, गुगल, हॉटस्टार, सोनी, झी अशा बड्या कंपन्यांनी ऑनलाइन बैठक घेऊन ठरवलं, की मोबाइल नेटवर्कवर ४८०पीच्या वरचा व्हिडिओ दाखवायचा नाही. सगळा देश घरात बसणार, एकाच वेळी फोन हातात घेणार आणि टॉवरवर ताण येणार, हे उघड होतं. मुदत १४ एप्रिलपर्यंतची होती. यूट्यूबच्या मोबाइल ॲपमधून ७२०पी आणि १०८०पी हे पर्यायच दिसेनासे झाले, आणि मुदत संपल्यावरही ते बराच काळ परतले नाहीत. घरात फायबरचं कनेक्शन, हातात नवा फोन, तरी चित्र गढूळच, असा तो काळ होता.

फोनवरचं चित्र गढूळ दिसतं तेव्हा बहुतेक वेळा काहीही बिघडलेलं नसतं. कुठेतरी कोणीतरी ‘सध्या कमी दर्जाचा व्हिडिओ पाठवा’ असं ठरवलेलं असतं. कधी ते ॲप ठरवतं, कधी तुमचा पॅक, कधी फोनमधली एक चिप, तर कधी तुम्हीच दोन वर्षांपूर्वी चालू करून विसरून गेलेलं सेटिंग. चित्र सुधारायचं तर हा निर्णय कुठे झाला ते आधी शोधायला हवं. ते न शोधता नवा फोन किंवा नवा राउटर घेणारी घरं मी बरीच पाहिली आहेत. पैसे जातात आणि चित्र तसंच राहतं.

तुकड्यांचा खेळ

आधी थोडं गणित करू. १०८०पीच्या एका चौकटीत (फ्रेममध्ये) १९२० गुणिले १०८०, म्हणजे वीस लाखांहून जास्त ठिपके असतात. प्रत्येक ठिपक्याच्या तीन रंगांसाठी आठ-आठ बिट धरले, तर एका चौकटीला जवळपास पाच कोटी बिट लागतात. सेकंदाला अशा पंचवीस चौकटी म्हणजे सव्वाशे कोटी बिट. एवढी माहिती सेकंदाला आणून देईल असं कनेक्शन सामान्य घरात नसतं. नेटफ्लिक्स मात्र १०८०पीसाठी ५ एमबीपीएस, म्हणजे सेकंदाला पन्नास लाख बिट पुरेसे आहेत असं सांगतं. मूळ माहिती सुमारे अडीचशे पटींनी आवळल्याशिवाय हे जमत नाही. मागच्या चौकटीत जे होतं ते पुन्हा पाठवायचं नाही, जे हललं तेवढंच पाठवायचं, आणि डोळ्याला सहसा कळणार नाहीत असे बारकावे टाकून द्यायचे, ही त्यातली मुख्य युक्ती.

दुसरी युक्ती आपल्या विषयाला जास्त जवळची आहे. सिनेमा किंवा मालिका सलग एका फाइलमधून आपल्याकडे येत नाही. तिचे काही सेकंदांचे तुकडे केलेले असतात आणि प्रत्येक तुकडा वेगवेगळ्या दर्जाचा करून सर्व्हरवर ठेवलेला असतो: २४०पी, ३६०पी, ४८०पी, ७२०पी अशा पायऱ्या. तुमच्या फोनमधलं ॲप प्रत्येक तुकडा किती वेळात उतरला ते मोजतं, पुढचे किती सेकंद साठ्यात आहेत ते बघतं आणि पुढचा तुकडा कोणत्या पायरीवरचा मागायचा ते ठरवतं. ॲपलने ही पद्धत आपल्या फोनसाठी २००९ मध्ये आणली. २०१२ मध्ये तशाच पद्धतीचं डॅश नावाचं आंतरराष्ट्रीय मानक प्रसिद्ध झालं. आज जवळपास सगळी ॲपं या दोहोंपैकी एका वाटेने चालतात.

त्याआधीचे दिवस आठवा. चित्र स्वच्छ असायचं, पण दर मिनिटाला थांबायचं आणि मध्यभागी गोल चकती फिरत राहायची. लोक थांबण्याला जास्त वैतागतात हे कंपन्यांना कळलं, तेव्हा त्यांनी चित्र गढूळ झालं तरी चालेल पण थांबू द्यायचं नाही, असं धोरण घेतलं. म्हणून व्हिडिओ सुरू होताना पहिले काही सेकंद धूसर दिसणं हा दोष नाही. ॲपला तुमच्या कनेक्शनचा अंदाज नसतो, ते खालच्या पायरीवरून सुरुवात करतं आणि वर चढतं. ते वर चढतच नसेल, तर मात्र शोध घ्यायला हवा.

आधी सेटिंग, मग पॅक

शोधाची सुरुवात फोनपासून करा, कारण तिथे पैसे लागत नाहीत. यूट्यूबच्या सेटिंगमध्ये व्हिडिओच्या दर्जाची पसंती दोन ठिकाणी वेगवेगळी नोंदवता येते, मोबाइल नेटवर्कसाठी एक आणि वाय-फायसाठी दुसरी. दोन्हीकडे ‘ऑटो’, ‘हायर पिक्चर क्वालिटी’ आणि ‘डेटा सेव्हर’ असे पर्याय असतात. पुष्कळ जण एकाच ठिकाणी बदल करतात आणि दुसरं तसंच राहतं. शिवाय चालू व्हिडिओवर गिअरच्या चिन्हातून तुम्ही १०८०पी निवडलंत, तर ते त्या व्हिडिओपुरतं असतं. पुढचा व्हिडिओ पुन्हा मूळ पसंतीवर जातो. नेटफ्लिक्समध्ये मोबाइल डेटासाठी वेगळं सेटिंग आहे. ते ‘सेव्ह डेटा’वर असेल, तर एका जीबीत साधारण सहा तासांचा व्हिडिओ बघता येतो. एवढ्या आवळलेल्या चित्राकडून स्वच्छपणाची अपेक्षा करता येत नाही.

फोनच्या स्वतःच्या सेटिंगमध्येही असाच एक अडसर असतो. आयफोनमध्ये २०१९ पासून ‘लो डेटा मोड’ आहे आणि तो सिमसाठी आणि प्रत्येक वाय-फायसाठी स्वतंत्रपणे चालू करता येतो. प्रवासात कोणाच्या तरी हॉटस्पॉटसाठी चालू केलेला तो मोड पुढे महिनोन्‌महिने तसाच राहिलेला सापडतो.

मग वर्गणी बघा. नेटफ्लिक्सने २०१९ मध्ये खास भारतासाठी फक्त मोबाइलवर चालणारी १९९ रुपयांची योजना आणली आणि २०२१ च्या डिसेंबरमध्ये ती १४९ रुपयांवर उतरवली. या योजनेत दर्जाची मर्यादा ४८०पी आहे. म्हणजे फोन पन्नास हजारांचा असो आणि कनेक्शन फाइव्ह-जीचं असो, चित्र त्यापुढे जाणार नाही. हे विकत घेतानाच लिहिलेलं असतं, पण वाचलं जात नाही.

आणि रोजचा डेटा. दिवसाला दीड किंवा दोन जीबी देणारे आपले नेहमीचे पॅक ती मर्यादा संपल्यावर बंद पडत नाहीत, वेग ६४ केबीपीएसवर आणतात. यूट्यूबच्या सगळ्यांत खालच्या, १४४पीच्या पायरीलाही आवाज धरून शंभर केबीपीएसच्या पुढे लागतं. त्यामुळे रात्री दहानंतर व्हॉट्सॲपचे मेसेज येत-जात असतात, नेट चालू आहे असं वाटतं, आणि व्हिडिओ मात्र रखडतो. सकाळी सगळं सुरळीत होतं आणि माणूस टॉवरला दोष देऊन मोकळा होतो. दिवसाचा किती डेटा उरला ते कंपनीच्या ॲपमध्ये एका टिचकीत दिसतं.

नर्ड्ससाठीची खिडकी

यूट्यूबमध्ये एक खिडकी दडलेली आहे. माझ्या मते प्रत्येक घरात एकाला तरी ती वाचता यायला हवी. सेटिंगमधल्या ‘जनरल’ या भागात ‘स्टॅट्स फॉर नर्ड्स’ असं एक बटण आहे. ते चालू केल्यावर कोणत्याही व्हिडिओच्या मेनूतून ही खिडकी उघडता येते. चित्रावर बारीक अक्षरांत ओळी उमटतात. नाव ऐकून घाबरायचं कारण नाही. त्यातल्या चार गोष्टी बघायच्या: सध्या कोणता दर्जा चालू आहे, कनेक्शनचा वेग किती भरतो आहे, पुढच्या किती सेकंदांचा साठा झाला आहे आणि किती चौकटी गळल्या.

आता या आकड्यांचा मेळ लावा. दर्जा खालचा आहे आणि साठा दोन-चार सेकंदांचाच आहे, तर नेटवर्क कमी पडतंय. दर्जा खालचा आहे, पण वेग भरपूर आणि साठाही भरपूर, तर अडसर सेटिंगमध्ये आहे, किंवा ज्याने व्हिडिओ चढवला त्यानेच तो त्या दर्जाचा चढवला आहे. दर्जा १०८०पी आहे, साठाही आहे, पण गळालेल्या चौकटींचा आकडा बघता बघता वाढतो आहे, तर फोन दमला आहे. अशा वेळी नेट बदलून उपयोग नाही. जुन्या फोनमध्ये नव्या पद्धतीने आवळलेला व्हिडिओ उलगडायची सोय चिपमध्ये नसते, मग ते काम मुख्य प्रोसेसरवर पडतं आणि तो मागे राहतो. उन्हाळ्यात चार्जिंगला लावून, जाड कव्हरमध्ये फोन बघत बसलं, तर चांगला फोनही तापून वेग कमी करतो. ७२०पीवर उतरा, कव्हर काढा, चार्जर बाजूला ठेवा. एवढ्याने फरक पडतो.

आणि दर्जा १०८०पी, चौकटी एकही गळलेली नाही, तरी चित्र मळकट? मग दोष मूळ व्हिडिओत आहे. १०८०पी हे फक्त ठिपक्यांचं मोजमाप आहे. त्या ठिपक्यांसाठी सेकंदाला किती बिट खर्च केले, ते वेगळं. हाच फरक ओळखून यूट्यूबने २०२३ मध्ये त्याच १०८०पीचा जास्त बिटचा प्रकार पैसे भरणाऱ्यांसाठी आणला.

यूट्यूब लख्ख दिसतं आणि नेटफ्लिक्स किंवा प्राइम व्हिडिओ मात्र धूसर, असं असेल तर शोध फोनच्या चिपपर्यंत जातो. सिनेमाची चोरी होऊ नये म्हणून या सेवा वाइडवाइन नावाचं कुलूप वापरतात. ते गुगलचं आहे. त्याच्या एल१, एल२, एल३ अशा पातळ्या आहेत. एल१ म्हणजे व्हिडिओचं कुलूप प्रोसेसरच्या सुरक्षित कप्प्यात उघडतं. एल३ म्हणजे ते साध्या सॉफ्टवेअरमध्ये उघडतं, म्हणून सेवा अशा फोनला एचडी देतच नाहीत. २०१८ मध्ये आलेला पोको एफ१ हा त्या वर्षीच्या सगळ्यांत वेगवान प्रोसेसरांपैकी एक घेऊन आला होता, पण त्यात एल३ होतं. खरेदीदारांनी ओरड केल्यावर पुढच्या वर्षी अपडेटमधून एल१ मिळालं. वनप्लस ५ आणि ५टीच्या मालकांना तर त्यासाठी फोन कंपनीकडे पाठवावा लागला. आजही बूटलोडरचं, म्हणजे फोन सुरू करणाऱ्या सॉफ्टवेअरचं, कुलूप उघडलेला किंवा सेकंडहँड घेतलेला फोन एल१ वरून एल३ वर घसरलेला असू शकतो. नेटफ्लिक्सच्या ॲप सेटिंगमध्ये ‘प्लेबॅक स्पेसिफिकेशन’ उघडलं, की पातळी आणि जास्तीत जास्त दर्जा दोन्ही लिहिलेले दिसतात. जुना फोन घेताना बॅटरी आणि काच तपासता, तेव्हा हेही तपासा.

दांड्या पूर्ण, तरी नेट नाही

नेटवर्कच्या बाबतीत सगळ्यांत मोठा गैरसमज त्या वरच्या कोपऱ्यातल्या दांड्यांबद्दल आहे. त्या टॉवरचा आवाज तुमच्यापर्यंत किती जोरात पोहोचतो तेवढंच सांगतात. त्या टॉवरवर आणखी किती जण बसले आहेत ते सांगत नाहीत. टॉवरची एकूण क्षमता त्या क्षणी जोडलेल्या सगळ्यांत वाटली जाते. म्हणून यात्रेच्या गावात, लोकल अडकली की स्टेशनात, आणि रोज रात्री नऊ ते अकरा या वेळेत दांड्या पूर्ण असूनही चित्र ढासळतं. एकाच जागी सकाळी सहाला आणि रात्री दहाला वेग मोजून बघा. सकाळी चाळीस आणि रात्री दोन एमबीपीएस भरत असेल, तर गर्दी हेच कारण आहे आणि फोनमध्ये काहीही करून ते जाणार नाही.

दुसरं कारण भिंती. मोबाइलची सेवा वेगवेगळ्या लहरींवर चालते. ७०० किंवा ८५० मेगाहर्ट्झच्या लहरी भिंतीतून बऱ्यापैकी आत शिरतात, पण त्यांच्यावर जागा कमी. २३०० किंवा फाइव्ह-जीच्या ३५०० मेगाहर्ट्झवर जागा भरपूर, पण त्या भिंतीला अडतात. काँक्रीटच्या इमारतीत आतल्या खोलीत गेलं की फोन खालच्या लहरीवर सरकतो आणि वेग पडतो. खिडकीपाशी चार पावलं सरकल्याने दोन पायऱ्यांचा फरक पडतो, तो यामुळेच. फाइव्ह-जीच्या कडेला घर असेल, तर फोन फोर-जी आणि फाइव्ह-जीच्या मध्ये हेलकावे खातो आणि दर वेळी चित्र घसरतं. अशा घरात सेटिंगमध्ये जाऊन फोनला फोर-जीवरच ठेवावं. आकड्याने कमी, पण चित्र स्थिर. विमान मोड दहा सेकंद चालू करून बंद करण्याचा जो घरगुती उपाय लोक करतात तो खोटा नाही. त्याने फोन टॉवरशी नव्याने जोडला जातो आणि कधी कधी मोकळा टॉवर मिळतो.

वाय-फायचंही तसंच. बहुतेक राउटर २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ अशा दोन लहरी सोडतात. २.४ लांब जाते, पण शेजारपाजारचे सगळे राउटर, ब्लूटूथ आणि मायक्रोवेव्ह ओव्हन हे सगळे त्याच पट्ट्यात गर्दी करतात. इमारतीत राहणाऱ्याने फोन ५ वर जोडावा. वाड्यात किंवा गावाकडच्या दगडी, जाड भिंतींच्या घरात मात्र ५ माजघरापलीकडे जात नाही, तिथे २.४ च बरी. राउटर टीव्हीच्या मागे, कपाटात किंवा जमिनीवर ठेवण्याची आपल्याकडे पद्धत पडली आहे, कारण केबल तिथे येते. तो उंचावर, मोकळ्यावर आणि घराच्या मध्याजवळ आणला, तर नव्या राउटरची गरज बऱ्याच घरांत उरत नाही.

वेग मोजण्याबद्दल एक सावधगिरी. साधी स्पीड टेस्ट जवळच्या सर्व्हरशी वेग मोजते, तुमचा व्हिडिओ मात्र दुसरीकडून येत असतो. नेटफ्लिक्सने २०१६ मध्ये सुरू केलेलं फास्ट डॉट कॉम हे संकेतस्थळ नेटफ्लिक्सच्याच सर्व्हरवरून वेग मोजतं. साध्या टेस्टला पन्नास आणि तिथे तीन असा निकाल आला, तर खोट वाटेतच कुठेतरी आहे. व्हीपीएन चालू राहिलं असेल, तर ते आधी बंद करा. व्हिडिओ कंपन्या आपले सर्व्हर तुमच्या जवळ आणून ठेवतात, आणि व्हीपीएन तुम्हाला परदेशात नेऊन बसवतं.

थेट सामन्याची गोष्ट वेगळी आहे आणि तिथे प्रेक्षकाच्या हातात फार थोडं असतं. १९ नोव्हेंबर २०२३ ला विश्वचषकाचा अंतिम सामना हॉटस्टारवर एका क्षणी ५.९ कोटी लोक एकदम बघत होते. सिनेमात ॲप पुढचा मिनिटभराचा साठा करून ठेवू शकतं. सामन्यात पुढचा चेंडू अजून टाकलेलाच नसतो, त्यामुळे साठा काही सेकंदांचाच, आणि नेट जरा डळमळलं की लगेच पायरी खाली. त्यात क्रिकेटचं मैदान आवळायला अवघड. गवताची पाती, हजारो हलते प्रेक्षक, आणि चेंडूमागे झपाट्याने फिरणारा कॅमेरा, म्हणजे मागच्या चौकटीतलं फारसं काही पुढच्या चौकटीत कामाला येत नाही. षटकार सीमारेषेकडे जाताना चेंडू नाहीसा होतो आणि गवत हिरवं शेवाळ होतं, ते त्यामुळे. तोवर शेजारच्या घरातल्या टीव्हीवर आरडाओरडा होऊन गेलेला असतो, कारण तुमचं चित्र कित्येक सेकंद मागे असतं. ‘ऑटो’ सोडून ४८०पी किंवा ७२०पी एकच दर्जा पक्का केला, तर निदान वर-खाली होणं थांबतं.

किती दर्जा पुरे?

फूटभर अंतरावरच्या फोनला किती दर्जा लागतो, हे मोजता येतं. निरोगी डोळ्याला एक फुटावरून साधारण ०.०९ मिलिमीटरपेक्षा लहान ठिपके वेगळे दिसत नाहीत. साडेसहा इंचांचा फोन आडवा धरला, तर चित्राची रुंदी सुमारे १२ सेंटिमीटर भरते. त्यात ४८०पीचा ठिपका ०.१४ मिलिमीटरचा पडतो, म्हणजे तो जाणवतो. ७२०पीचा ०.०९ च्या आसपास, अगदी डोळ्याच्या हद्दीवर. १०८०पीचा त्याच्या बराच आत. फोन उभा धरून बघत असाल, तर ४८०पीही पुरतं. माझं मत स्पष्ट आहे: फोनवर चांगल्या बिटचा ७२०पी मिळाला की त्यापुढचा डेटा वाया जातो. फोन टीव्हीला जोडणार असाल, तर गोष्ट वेगळी.

याला एक महत्त्वाचा अपवाद आहे, आणि तो मला सगळ्यांत जास्त टोचतो. शिकवणीचे व्हिडिओ. गाण्यात ३६०पी खपून जातं, पण फळ्यावरच्या समीकरणातला घातांक २ आहे की ३ हे ३६०पीत कळत नाही. मराठी माध्यमातल्या किती मुलांनी टाळेबंदीत असे पुसट फळे डोळे ताणून वाचले असतील. ज्या घरात दिवसाला दीड जीबीच आहे, तिथे धडा पहाटे, टॉवर मोकळा असताना, जमल्यास ७२०पीवर डाउनलोड करून ठेवावा आणि दिवसा नेट न लावता बघावा. आणि जे शिक्षक व्हिडिओ करतात त्यांनी अक्षर मोठं काढावं, कॅमेरा फळ्याच्या जवळ न्यावा आणि खोलीत भरपूर उजेड ठेवावा. अंधारात कॅमेरा जी दाणेदार खळबळ टिपतो, तिच्यावरच बरेच बिट खर्ची पडतात आणि अक्षरांना काही उरत नाही.

हे सगळं करूनही दोष नेटवर्कचाच निघाला, तर तक्रार करायलाच हवी. केंद्र सरकारने जानेवारी २०२३ मध्ये ब्रॉडबँडची किमान मर्यादा ५१२ केबीपीएसवरून २ एमबीपीएसवर नेली. नेटफ्लिक्सच्या हिशेबाने ७२०पीला ३ लागतात, म्हणजे कायद्यातलं किमान ब्रॉडबँड एचडीला अजूनही पुरत नाही. दूरसंचार नियामक ट्रायचं ‘मायस्पीड’ हे ॲप मोफत आहे. त्यावर आठवडाभर सकाळ-संध्याकाळ, त्याच जागी वेग मोजा आणि आकडे लिहून ठेवा. मग कोणत्याही मोबाइल कंपनीच्या ग्राहकाला १९८ हा क्रमांक मोफत लागतो, तिथे ठिकाण, वेळ आणि ते आकडे सांगा. ‘नेट स्लो आहे’ एवढंच म्हटलं, तर फोन बंद करून चालू करायला सांगतात आणि विषय संपतो. आकडे सांगितले की तक्रार नोंदवावी लागते. तिचा डॉकेट क्रमांक मागून घ्या. उत्तर समाधानकारक नसेल, तर कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे जाता येतं. त्याला शुल्क लागत नाही, पण हा क्रमांक लागतो.